बिनडिंकाचा चुना

खोटं कशाला बोलू, ठाण्याच्या त्या कलादालनाच्या पायऱ्या चढताना मी मनात एकच घोकत होतो, आत कुणी नसू दे. समईपाशी दोन कंटाळलेली माणसं असू देत, आणि तो नव्या शर्टात अवघडून एका कोपऱ्यात उभा असू दे. मग मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणणार होतो, "होतं रे असं पहिल्यांदा." वाक्य तयार होतं. घरून निघताना आरशासमोर म्हणूनही बघितलेलं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती.

तो म्हणजे आमचा चुनेवाला. मी कुणाचंच नाव घेणार नाही, त्याचंही नाही आणि माझंही नाही. का ते पुढे कळेल. मी डोंबिवलीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. तो मानपाड्याजवळच्या एका गावातला, आगरी घरचा. त्यांची शेतं कारखान्यांखाली गेली, भाऊ त्याच कारखान्यांत चिकटले, आणि हा घरोघरी भिंतींना चुना मारायला लागला. आम्ही एकाच वयाचे, तरी तो मला "मास्तर, तुमी" म्हणायचा आणि मी त्याला "अरे, तू". त्यात काही खटकण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं. मला तरी नव्हतं.

ऐंशी साल नुकतंच उलटलेलं. डोंबिवलीत जिकडे बघावं तिकडे इमारती उठत होत्या, आणि रिकामी भिंत दिसली की तिच्यावर कुणी ना कुणी जाहिरात लिहून घ्यायचाच. गाळे विकणे आहेत. दहावी गणित. मसाले, तेल, मूळव्याध. आम्ही दोघं रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत ही कामं करायचो. तो आदल्या दिवशी जुनी जाहिरात चुन्याने झाकून भिंत पांढरी करायचा. दुसऱ्या दिवशी मी गेरूत बुडवलेली दोरी ताणून रेघा मारायचो आणि अक्षरं काढायचो.

माझं अक्षर चांगलं होतं. हे मी सांगायला नको, पण दुसरं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. त्यातही माझा ळ. बाकीचे पेंटर ळ काढताना डावं पोट बारकं ठेवतात आणि उजवं सोडून देतात फुगायला. मी दोन्ही पोटं सारखी काढायचो, अगदी तोलून. आरशात धरलात तरी तो ळच दिसणार. मूळव्याधीच्या डॉक्टरांनी आणि सकाळ-संध्याकाळ क्लास घेणाऱ्यांनी मला इतके ळ काढायला दिले की हात बसला.

पण हे सगळं चोरून. शाळेला बाहेरची कामं चालत नव्हती. शिवाय सासरे निवृत्त मुख्याध्यापक, जावई भिंती रंगवतो म्हटल्यावर त्यांनी जेवण सोडलं असतं. म्हणून मी डोक्याला पंचा गुंडाळून, पार भुवयांपर्यंत ओढून काम करायचो. आमची पहिली भिंत ठाकुर्लीला होती, एका लाकडाच्या वखारीची, स्टेशनकडून येताना डाव्या हाताला. तिथे पहिल्याच दिवशी मी त्याला दम भरला.

"माझं नाव कुठे घ्यायचं नाही. कळलं?"

"आनि कोनी इचारलं, अक्षरं कोनाची, तं?"

"सांग, भिंतीची आहेत."

तो हसला आणि कुंचा बादलीत बुडवून कामाला लागला. त्या भिंतीवर मी एका क्लासची जाहिरात काढली, "सकाळ-संध्याकाळ" हे शब्द हातभर उंच. क्लास सहा महिन्यांत बंद पडला आणि त्यावर दुसरं काहीतरी आलं.

आमच्या दोघांत भांडण असायचं ते डिंकावरून. चुना विरवून गाळला की त्यात डिंकाचं पाणी घालायचं असतं. नाही घातलं तर चुना भिंतीला नीट धरत नाही, हात लावला की हाताला येतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत, पण हा पठ्ठ्या तीनातल्या एका भिंतीला तरी डिंक विसरायचाच. एकदा एक क्लासवाले सर स्वतःच्याच जाहिरातीला टेकून उभे राहिले आणि पाठीवर पांढरा नकाशा घेऊन वर्गात गेले. पोरं हसली. सरांनी मला घरी येऊन झापलं, मी त्याला झापलं.

"अरे, डिंक का नाही घातलास?"

"संपलेला, मास्तर."

"परवा तर आणलेला."

"मंग इसरलो आसन."

असं दर वेळी. मी त्याला आळशी म्हटलं, कामचुकार म्हटलं, अजून काय काय म्हटलं. तो मान खाली घालून कुंचा धुवायचा.

खरी गोष्ट अशी की भिंती हे माझं पोट होतं, मन नव्हतं. मन होतं जलरंगात. कल्याणची खाडी, मुंब्र्याचे डोंगर, दिव्याच्या बाजूची मिठागरं, सगळं मी काढलेलं. दर वर्षी चित्रं फ्रेम करून प्रदर्शनांना पाठवायचो आणि दर वर्षी ती मागच्या बाजूला शिक्का घेऊन परत यायची. बायकोने एकदा शिक्के मोजले आणि म्हणाली, "अहो, पासपोर्टवरसुद्धा इतके नसतात." मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी.

मग आमच्या मागच्या नव्या इमारतीत एक मॅडम राहायला आल्या. मुंबईत कलेच्या कॉलेजात शिकवायच्या, मोठमोठ्या चित्रकारांत ऊठबस. मी ओळख काढून त्यांना घरी चहाला बोलावलं. दिवाळीआधीचे दिवस होते, तो आमच्या गॅलरीत चुना मारत होता. मी एकेक चित्र काढून खुर्चीवर ठेवत होतो. मॅडमनी सगळी बघितली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "फार स्वच्छ आहेत हो तुमची चित्रं."

स्वच्छ. पंधरा वर्षं रंग कालवल्यावर स्वच्छ. मी हसून पोह्यांची बशी पुढे केली. जाता जाता त्यांनी गॅलरीकडे बघून विचारलं, "हे तुमचे चुनेवाले चांगले आहेत का? माझ्या ब्लॉकला हात मारून घ्यायचाय." मी म्हटलं, चांगला आहे, फक्त डिंक घालतोय का बघा. म्हणजे ओळख मीच करून दिली. हे आठवलं की अजून कपाळावर हात मारावासा वाटतो.

झालं असं की एक दिवस तो मॅडमकडे फिरकला नाही, म्हणून त्या रिक्षा करून त्याच्या गावी गेल्या. त्याच्या घरात भिंतींना कापडं लावलेली होती. त्या कापडांची गोष्ट त्याने मला नंतर सांगितली. एका पावसाळ्यात घराची भिंत ओल धरायला लागली, म्हणून त्याने मैद्याची खळ लावून मांजरपाट चिकटवला. पाऊस सरल्यावर कापड ओढलं तर भिंतीचा चुनाच सोलून कापडावर आला, आणि आत दडलेले त्याच्या आईने लग्नात काढलेले हळदीकुंकवाचे हात त्यावर उमटलेले. त्याला गंमत वाटली. मग तो आमच्या जुन्या भिंतींवर, नवी जाहिरात येण्याआधी, कापडं लावून ओढायला लागला. वर्षानुवर्षं. मला एका शब्दाने बोलला नाही. मॅडम म्हणे त्या कापडांसमोर अर्धा तास उभ्या होत्या, आणि "स्वच्छ" हा शब्द त्यांना काही आठवला नाही.

तर कलादालन. त्या कापडांचं प्रदर्शन मॅडमनीच तिथे भरवलेलं. दालन नुकतंच निघालेलं, तलावपाळीपासून चालत पाच मिनिटांवर. नव्वद साल उलटून गेलेलं, ठाण्यात घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींच्या मोठमोठ्या पाट्या लागायला लागलेल्या. भिंतींचं काम कमी होत चाललेलं. आणि ज्या भिंतींना कुणी विचारेना, त्या इथे दिव्याखाली टांगलेल्या. बायका रेशमी साड्या नेसून बघायला आलेल्या. गोगलगाईसारखे हळूहळू सरकत एकेका कापडापुढे थांबणारे लोक. आणि ते त्याला "अहो" म्हणत होते. "अहो, हे किती थर आहेत?" "अहो, तुम्ही आधी ठरवता का काय निघणार ते?" मी ज्याला दहा वर्षं अरे-तुरे केलं त्याला. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

कापडं चांगली होती का? होती. हे कबूल करायलाही मला बरीच वर्षं लागली. फिकट निळा, गेरू, पिवडी, सगळं एकमेकांत मुरलेलं, कुठे कुठे सोलून खालचं दिसणारं. शब्द होते, पण वाचता येत नव्हते, कारण कापडावर भिंतीची उलटी बाजू येते. मी एका मोठ्या कापडापुढे उभा राहिलो. उलटी अक्षरं, काही लागेना. आणि मधोमध एक अक्षर मात्र सुलट. दोन्ही पोटं सारखी.

माझा ळ.

मग मी वेड्यासारखा एकेका कापडापुढे जाऊन शोधत सुटलो. बहुतेक सगळ्यांत माझं अक्षर होतं. या रेघा माझ्या, हे वळण माझं, हा अनुस्वार माझा. आणि खाली कार्डावर नाव त्याचं. तेवढ्यात माझ्या शेजारी एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी त्याला विचारलं, "आतली ही अक्षरं कुणाची हो? फार सुंदर हात आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "भिंतीची हायेत, साहेब."

गृहस्थ "वा" म्हणाले. मला तिथल्या तिथे समई उचलून काहीतरी करावंसं वाटलं. मी न सांगता निघून आलो. घरी बायकोने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, चुना. ती म्हणाली, "कुणाला?" आणि भाकरी थापायला लागली.

नंतर मी त्याला गाठून विचारलं, सहजच विचारल्यासारखं, की करतोस कसं? त्याने सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. खळ लावायची, कापड बसवायचं, वाळू द्यायचं, एका दमात ओढायचं. "पन चुना बिनडिंकाचा पायजे, मास्तर. मंग खळ त्याच्यातून आत झिरपते नि खालच्या रंगाला धरते. डिंक आसला का चुन्याची साय बनते वरती. खळ आत जातच नाय."

म्हणजे ज्या आळसासाठी मी शिव्या घातल्या, त्याचंच प्रदर्शन भरलेलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उन्हात शिडीवर चढून अक्षर तोलायचं, हा डिंक विसरणार, आणि नाव याचं. पेपरात त्याचा फोटो आला. शाळेत शिक्षकांच्या खोलीत तो फोटो माझ्याच टेबलावर ठेवून इतिहासाच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या डोंबिवलीचेच ना हो हे? ओळखता?" मी म्हटलं, तोंडओळख आहे.

वर्षभराने दुसरं प्रदर्शन ठरलं. तो एका संध्याकाळी घरी आला, हातात वहीचा कागद. मॅडमनी कार्डं छापायला सांगितलेली, पण याचा हट्ट, कार्डं मास्तरच लिहिणार. बायको चहा टाकायला गेली. मी म्हणणार होतो वेळ नाही, पण तोंडातून गेलं, ठेव. भूक लागलेल्या माणसाला दुसऱ्याचं ताट वाढायला सांगावं तसलं ते काम. तरी ठेव म्हटलं, कारण निदान कार्डांवर तरी माझं अक्षर दिसलं असतं.

नऊ कार्डं होती. आठांवर सरळ मजकूर. नवव्याचा मजकूर मॅडमच्या अक्षरात नव्हता, त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात होता: "ठाकुर्लीची भिंत. चुना" आणि पुढे त्याचं नाव. त्याखाली, "अक्षरे" आणि एक आडवी रेघ. पुढे काही नाही.

"इथे काय?"

"त्ये मी मागाहून सांगतो. एकाला इचारायचं हाय. तुमी जागा सोडा."

"नुसती जागा कशी सोडू? अक्षरं किती ते कळल्याशिवाय?"

कुठलाही पेंटर हेच विचारेल. आधी अक्षरं मोजायची, मग जागा आखायची, नाहीतर शेवट दाटतो. त्याला ते माहीत होतं. त्याने बोटांवर मोजलं, ओठ हलवत, दोनदा.

"आठ धरा."

मी आठ अक्षरांची जागा सोडली. आता कुठल्यातरी मुंबईच्या पेंटरला धरून आणणार आणि त्याच्या नावाने अक्षरं लावणार, हे मी ठरवूनच टाकलं. ठाकुर्लीच्या भिंतीवर, म्हणजे आमच्या पहिल्या भिंतीवर. "ती शेवटची काढनार," तो चहा पिताना सांगत होता, "अख्खी. मंगळवारी. तिला मी कापड नाय लावलं आजून."

शनिवारी मी दुकानातून डिंक आणला, जेवढा होता तेवढा, आणि बाथरूममधल्या बादलीत भिजत घातला. सकाळी बायको बादलीत डोकावली.

"एवढा डिंक? बाळंतपण आहे का कुणाचं? लाडू करताय?"

"क्लासची जाहिरात काढायचीय."

"कुणाच्या?"

"माझ्या."

आणि खरंच, मी ते कारण शोधून ठेवलेलं. तोवर शाळेचा धाक उरला नव्हता, सगळेच शिक्षक शिकवण्या घ्यायला लागलेले. सासरेही आता नव्हते. वखार बंद पडलेली, मालकाला भिंतीचं काही देणंघेणं नव्हतं. रविवारी अकरा वाजता, टळटळीत उन्हात, मी ठाकुर्लीला गेलो. पंचा बांधला नाही. आधी नुसतं डिंकाचं दाट पाणी भिंतीला पाजलं. ते वाळल्यावर दुप्पट डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात दिले. येणारे-जाणारे बघतही नव्हते. भिंतीला चुना मारणारा माणूस कोण बघतो? मीही आयुष्यभर त्याला तसाच न बघता बघितलेला.

दुपारनंतर दोरी मारली आणि लिहिलं: "चित्रकला वर्ग. सकाळ-संध्याकाळ." खाली माझं नाव, आडनावासकट, ठसठशीत. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव भिंतीवर गेलं. मागे सरून बघितलं. छान दिसत होतं. ओढ आता कापड, म्हटलं.

मंगळवारी शाळा सुटताना तो फाटकाशी उभा. खांद्यावर मांजरपाटाची गुंडाळी, हातात खळीचा डबा.

"चला, मास्तर. तुमच्या समोरच काढायची हाय."

मी नाही म्हणू शकलो असतो. डोकं दुखतंय, पेपर तपासायचेत, काहीही. पण मला त्याचं तोंड बघायचं होतं. म्हणून गेलो.

भिंतीसमोर तो थांबला. पूर्ण जाहिरात वाचली, माझ्या नावापर्यंत. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "क्लास काढला? बरं केलंत. तुमाला मी कदीचा सांगनार व्हतो." मग भिंतीवरून तळवा फिरवला, तळवा बघितला. पांढरा झाला नव्हता. तरी त्याने कोपऱ्यात टॉवेलाएवढ्या जागेत खळ लावली, कापड बसवलं, हाताने दाबून दाबून हवा काढली. वाळायला दोन तास. आम्ही समोरच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. त्याने चहा मागवला. माझा ग्लास त्याने आधी दिला, नेहमीसारखा. त्या दोन तासांत मी दहा वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. काही निघणार नाही हे मला माहीत होतं, आणि मी त्याच्या शेजारी बसून चहा पीत होतो.

ऊन उतरल्यावर तो उठला, दोन टोकं धरून एका दमात ओढलं. कापड आलं तसं कोरं. खळीच्या पापुद्र्याशिवाय त्यावर काही नव्हतं. त्याने भिंतीला नख लावलं, ते जिभेला लावून बघितलं.

"डिंक," तो म्हणाला. "तुमी घातला?"

"मग? जाहिरात टिकायला नको?"

त्याने मान हलवली. कापड नीट चौपदरी घडी करायला लागला. बराच वेळ करत होता.

"मास्तर, तुमच्या अक्षरांवर मी कदी डिंक नाय घातला."

मला कळेना.

"दुसऱ्या पेंटरची आसली का घालायचो. तुमची आसली का नाय. डिंक घातला का खालचं मरतं. तुमी मस्त राबून काढलेली आसायची, नि दुसऱ्या वरसाला मीच ती पुसायची. मना नाय बरं वाटायचं. बिनडिंकाचा चुना म्हंजे नुसतं पांघरून. खाली जिती ऱ्हातात." त्याने भिंतीकडे हनुवटी केली. "इथं तुमचा पयला ळ व्हता. पयल्या दिसाचा. तिच्यावर कितीक जाहिराती आल्या, दर वेळी मी सोता चुना मारला. दुसऱ्या कोनाला मारू दिला नाय."

तरी जीभ वळवळलीच माझी. मी म्हटलं, "आणि ठाण्याला विचारलं तेव्हा? भिंतीची म्हणालास ना?"

"तुमीच सांगितलेलं. नाव कुठं घ्यायाचं नाय. भिंतीची बोल."

हे मी विसरलेलो. साफ विसरलेलो. तो विसरला नव्हता.

"त्या रातीला मना झोप नाय आली," तो म्हणाला. "म्हनून बोललो, या टायमाला इचारायचं. ही भिंत काढायची, तुमाला तुमचा ळ दाखवायचा, नि इचारायचं, नाव टाकू का." मग वर माझ्या जाहिरातीकडे बघून म्हणाला, "आता तं तुमीच टाकलं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो. पण तो तसं बोलणाऱ्यातला नव्हताच. डबा उचलून निघताना पुन्हा एकदा वळून बघितलं त्याने आणि म्हणाला, "ळ मातर तोच हाय."

दुसऱ्या प्रदर्शनात आठच कापडं लागली. मी गेलेलो. त्याने मला हाताला धरून मॅडमपाशी नेलं आणि सांगितलं, आतली अक्षरं मास्तरांची. मॅडम म्हणाल्या, "अरेच्चा, तुम्ही? आधी बोलला नाहीत." मी म्हटलं, "नाही हो, माझी कसली. भिंतीची आहेत." का म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही. त्याच्यासारखं एकदा तरी म्हणून बघावं असं वाटलं असेल. पण त्याच्या तोंडी ते शोभलं होतं. माझ्या तोंडी ते खोटं वाटलं, आणि त्याचाही मला हेवाच वाटला.

अजूनही वाटतो. लोकांना वाटेल त्याच्या नावाचा, फोटोचा. ते सगळं पचलं केव्हाच. मला हेवा वाटतो तो दहा वर्षं माझ्या शिव्या खात डिंक "इसरनाऱ्या" माणसाचा. दुसऱ्याचं अक्षर असं जपणं मला जमलं नसतं. मला तर माझंही जपता आलं नाही.

क्लासला त्या जाहिरातीवरून एकही मुलगा आला नाही. जाहिरात मात्र टिकली, डिंक चोख होता. पुढे वखारीच्या जागी इमारत आली तेव्हा मी मुद्दाम गेलेलो. भिंत विटांसकट ढेपाळली, पण चुना सुटला नाही.

नववं कार्ड माझ्याकडेच राहिलं. ड्रॉइंगच्या फाइलमध्ये आहे. ठाकुर्लीची भिंत, चुना, त्याचं नाव. खाली, अक्षरे, आडवी रेघ, आणि पुढे मी आखून सोडलेली रिकामी जागा. माझ्याकडे बारीक ब्रश आहे, शाईही आहे. त्या मंगळवारी ठाकुर्लीहून घरी आलो, चप्पल न काढता ते कार्ड काढलं आणि पहिल्यांदा बोटांवर मोजलं. माझं नाव आडनावासकट आठ अक्षरी आहे.